दप्तरातली भाकरी

धुळे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा गप्प झाले आणि आई, तू 'जेवलास का' एवढंच विचारून फोन ठेवलास. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. समोर बसून बोललो असतो तर अर्ध्यावरच माझा आवाज गेला असता.

बाबा, तुमचं म्हणणं होतं की दत्तक घ्यायचंच तर तान्हं बाळ घ्या, सात-आठ वर्षांच्या पोराला लळा लागत नाही. तान्हं बाळ आम्हाला मिळू शकलं असतं. दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, आमची ८१ आहे. पण त्या बाळांसाठी आईबाप रांग लावून उभे आहेत आणि मोठ्या मुलांसाठी फार थोडे. ही मुलं संस्थेत एकेक वाढदिवस मोजतात. आम्ही दोघांनी वर्षभर विचार केला आणि 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नाव नोंदवताना सहा ते आठ वय लिहिलं. मुलगा की मुलगी, ते मोकळं सोडलं.

समाजसेविका मॅडम घरी येऊन गेल्या. आमचा पगार, तब्येत, भांडण झालं तर किती दिवस अबोला असतो, सगळं विचारलं. त्यांच्या अहवालात घरच्या वडीलधाऱ्यांचं मतही जातं, म्हणून त्या तुमच्याशी बोलतील. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. मनात भीती असेल तर भीती सांगा.

एक गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. म्हणजे आम्ही भेटायला जाऊ आणि ते लेकरू आम्हाला नाही म्हणू शकतं. मला हे पटलं. इतकी वर्षं त्याला कोणी काही विचारलंच नसेल. हो म्हणालं तर आधी काही दिवस ते आमच्याकडे संगोपनासाठी राहील, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होईल. सप्टेंबर २०२२ पासून हे काम कोर्टाऐवजी त्यांच्याकडे आहे. ते घरी राहायला आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी चौकशी होत राहील. आदेश झाला की कायद्याने ते सर्वार्थाने आमचं मूल, वारसाहक्कासकट. शेताचं पुढे काय, हे भाऊबंद विचारतीलच, म्हणून आधीच लिहितो.

ते हेही विचारतील की कोणाचं, कुठल्या जातीचं. आई, 'माझं नातवंड' एवढंच सांगशील का? त्याची मागची हकिगत त्याची आहे. ती ओट्यावर बसून कोणाला सांगायची नाही आणि त्यालाही चारचौघांत 'आई आठवते का' विचारायचं नाही. नाव आहे तेच ठेवणार आहोत. सगळं गेल्यावर तेवढंच तर त्याच्याजवळ उरलेलं असतं.

आणि आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा सण. श्रावणात तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी तू एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजतेस, तेव्हा लहानपणी माझं नाव कधी येतं याची वाट पाहत मी सुपाजवळ बसून राहायचो. आपल्याकडे घरातल्या पुरुषांच्याच नावाने मोजतात आणि रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी मागतो. मुलगा आला तर त्याच्या नावाने आणि मुलगी आली तर तिच्याही नावाने सव्वा मूठ मोज. तिच्या कानावर पडेल अशी, मोठ्याने नाव घेऊन.

सुरुवात अवघड जाईल हे आम्ही धरून चाललोय. ते रात्री ओरडत उठेल, आम्हाला मुद्दाम राग आणून बघेल, 'हेही मला परत पाठवतात का' म्हणून. समुपदेशनात एक गोष्ट सांगितली: पोट भरलेलं असलं तरी अशी मुलं पोळी उशीखाली नाहीतर कपड्यांत लपवतात. तेव्हा रागवायचं नाही, खाऊचा डबा कायम हाताला लागेल असा ठेवायचा. आम्ही स्वयंपाकघरातली खालची फळी रिकामी केलीय. शेंगदाण्याचे लाडू आणि फुटाणे भरून ठेवलेत, आता रोज मीच खातो.

हे ऐकत असताना मला तुम्ही आठवलात, बाबा. तुमची आई गेली आणि नऊ वर्षांचे असताना तुम्ही शिरपूरला मामांकडे आलात. आई सांगते, मामींना तुमच्या दप्तरात वाळून कडक झालेली कळण्याची भाकरी सापडली होती. घरात धान्य भरपूर होतं, तरीही. ही गोष्ट आपण हसत ऐकायचो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मोठ्या पोराला लळा लागतो की नाही, हे आपल्या घरात तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

कपाशीची खुरपणी उरकली असेल. मी रविवारी सकाळच्या एसटीने येतो, बाबांच्या डोळ्यांचे थेंबही आणतो. तेव्हा मला एवढं सांगा, बाबा. भाकरी सापडल्यावर मामी तुम्हाला काय म्हणाल्या होत्या? त्यापुढचं आईने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

तुमचा
मुलगा