पोट न दुखता आलेली कावीळ

महोदय,

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे डोळे पिवळे झाले, पण ताप नाही, पोट दुखत नाही, की घरचे निर्धास्त होतात. 'कावीळ उतरवून आणू' म्हणतात. सातारा जिल्ह्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सारी नोकरी केली, असे कितीतरी रिपोर्ट हातांनी लिहिले, म्हणून कळकळीने सांगते: अशी कावीळ स्वादुपिंडाच्या कॅन्सरची खूण असू शकते, ती अंगावर काढू नका.

माझ्या मोठ्या दिरांना अंगभर खाज सुटायची. लघवी गडद, शौच पांढुरकी. गावात चुन्याच्या पाण्याने हात धुऊन झाले, गळ्यात माळ आली. वजन उतरत होते, ते पथ्यामुळे असे सगळे धरून चालले. काही महिन्यांपूर्वीच त्यांना मधुमेह निघाला होता, घराण्यात कोणाला नसताना; त्याचा या काविळीशी संबंध कोणी लावला नाही. रक्त लॅबमध्ये आले तेव्हा सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या नळीत सीरम, म्हणजे वर राहिलेले रक्तातले पाणी, हळदीच्या पाण्यासारखे होते. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, १४, त्यात डायरेक्ट (यकृतातून प्रक्रिया होऊन आलेले) ११, पित्त अडले की वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज भरमसाट आणि यकृताला सूज आली की वाढणारे एसजीपीटी त्यामानाने बेताचे. असे आकडे आले की पित्ताची वाट कुठेतरी अडल्याचा संशय घ्यायचा. खड्याने अडली असेल, नाहीतर गाठीने.

सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, गाठ दिसली नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याजवळ असते आणि आतड्यातला गॅस आड येतो. 'गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही' हे वाक्य रिपोर्टात छापलेले असते. ते वाचा आणि डॉक्टरांना पुढची तपासणी विचारा. ती म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला, खास स्वादुपिंडासाठीचा सीटी स्कॅन. पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) घालायचा असेल तर शक्यतो त्याआधीच स्कॅन व्हावा, कारण नंतर सूज आली की चित्र गढूळ होते. गरज पडली तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड: दुर्बीण तोंडावाटे जठरात नेऊन अगदी शेजारून स्वादुपिंड पाहतात आणि तिथूनच सुईने नमुना घेतात. गाठ काढता येण्याजोगी असेल तर कधी कधी नमुन्यासाठी न थांबता थेट शस्त्रक्रिया करतात.

'ताई, कॅन्सरची रक्ततपासणी करा' असे लोक येऊन सांगायचे. त्या तपासणीतला सीए १९-९ हा आकडा खड्याच्या कावीळीतही चढतो, आणि काहींच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्या एकट्यावरून निदान होत नाही, निर्धास्तही होता येत नाही.

दिरांचा स्कॅन झाला तोवर स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला भिडली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली. २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर याच आजाराने गेले, तेव्हा सगळीकडे हळहळ झाली. तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या, हे मात्र गावापर्यंत आलेच नाही.

माझी विनंती आहे की आपल्या आरोग्य पुरवणीने हा विषय सविस्तर घ्यावा. आरोग्य विभागानेही आशाताईंच्या बैठकीत तो मांडावा. कोणाच्या घरी कावीळ उतरवणे चालले आहे, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा