येतो म्हणावं, किती जण तेही सांगावं

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईशान आणि मुक्ताला आलेल्या आमंत्रणांना आता त्यांनीच उत्तर द्यावं असं तू म्हणतोस, ते मला पटलं. तेरा आणि सात, दोन्ही वयं त्याला योग्य आहेत. फक्त सुरुवात 'थँक्यू म्हण' इथून करू नकोस, ते दोघांनाही येतं. आपल्या उत्तराचं समोरच्याला पुढे काय करायचं असतं, ते मात्र मुलांना कोणी सांगत नाही. ते कळलं की निम्मा विनय आपोआप येतो.

म्हणून आमंत्रण आलं की आधी विचारायला शिकव: इथे ताटं मोजली जाणार आहेत का?

सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं, गणपतीचं दर्शन ही उघडी बोलावणी. लोक येत-जात राहतात, डोकी कोणी मोजत नाही. 'हो काकू, येतो दर्शनाला' एवढं पुरे. फक्त गणपती किती दिवसांचा ते तिथेच विचारून घ्यायचं. दीड दिवसाचा असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवांत गेल्यावर रिकामं मखर बघून परत यावं लागतं.

जेवणाचं बोलावणं वेगळं. कार्यालयातल्या कार्याला केटरर दोन-तीन दिवस आधी ताटांचा आकडा पक्का करून घेतो आणि त्यापेक्षा माणसं कमी आली तरी पैसे सहसा त्या आकड्याचेच लागतात. घरी बेत असेल तर आणखी अवघड. उकडीच्या मोदकांची उकड ऐन वेळी वाढवता येत नाही, आणि पुरणाची डाळ सकाळीच शिजलेली असते. मुक्ताला तर याचं उदाहरण तिच्याच वयात मिळतं. नवरात्रात कुमारिका म्हणून तिला जेवायला बोलावतात. तिथे एक, पाच किंवा नऊ अशी संख्या ठरलेली असते. तिने 'हो' म्हणून आयत्या वेळी टाळलं की त्या घरच्या बाईला भर दुपारी दुसरी मुलगी शोधत सोसायटीभर फिरावं लागतं. हे तिला असंच सांग, लगेच समजेल.

थोडक्यात, उत्तराची घाई ताटावर ठरते आणि उत्तराची भाषा नात्यावर. ताटं मोजायची असतील तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उत्तर गेलंच पाहिजे. घरी विचारायला वेळ लागणार असेल तर तेही कळवायचं: 'आईबाबांना विचारून उद्या संध्याकाळपर्यंत सांगते.' आणि उद्या संध्याकाळी खरंच सांगायचं.

मुक्ताला सध्या फोनपुरतं शिकव. शेजारच्या काकूंनी फोनवर 'शुक्रवारी हळदीकुंकवाला यायचं हं' म्हटलं, तर आईच्या वतीने 'हो, आम्ही येणार' असं तिने ठरवून टाकायचं नाही. कोणी बोलावलं, कशाला, कधी आणि कुठे, एवढ्या चार गोष्टी विचारायच्या आणि कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायच्या. 'आईला सांगते काकू, ती तुम्हाला फोन करेल' असं म्हणून मग फोन ठेवायचा. या वयाच्या मुलांच्या हातून चौकशी नेहमी एकाच जागी फसते: 'शुक्रवारी' म्हणजे हा की पुढचा, हे विचारायचं राहतं. म्हणून वार आणि तारीख दोन्ही म्हणून घ्यायची सवय लाव.

मैत्रिणीच्या वाढदिवसाचं चिठ्ठीवरचं आमंत्रण आलं की तिने उत्तरही चिठ्ठीवरच लिहावं. चार ओळी पुरतात:

'प्रिय अन्वी, तुझ्या वाढदिवसाला बोलावलंस, मला खूप आवडलं. मी रविवारी, १४ तारखेला, ५ वाजता नक्की येईन. बाबा सोडायला येतील आणि ७ वाजता न्यायला येतील. मला शेंगदाणे चालत नाहीत, तेवढं काकूंना सांगशील का? तुझी मुक्ता.'

यात तारीख आणि वेळ पुन्हा लिहिली आहे ती मुद्दाम. वाचण्यात चूक झाली असेल तर अन्वीच्या आईच्या ती लगेच लक्षात येते. पथ्याचंही आधीच सांगून टाकावं. ताट समोर आल्यावर 'हे मला चालत नाही' म्हटलं की यजमानीण ओशाळते. मात्र 'चालत नाही' आणि 'आवडत नाही' यांतला फरक मुक्ताला समजावून दे. भोपळी मिरची आवडत नाही, हे कळवण्याचं काही कारण नाही. आणि लहान भावंडाला किंवा मैत्रिणीला परस्पर बरोबर न्यायचं नाही. चिठ्ठीवर जिचं नाव तिलाच बोलावणं.

आता ईशान. त्याच्या हातात फोन आला आहे, म्हणून त्याच्या चुका वेगळ्या. गटावर आमंत्रण पडलं की मुलं अंगठा टाकतात. त्या अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' की 'येतो', ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. शब्दांत लिहावं: 'येतोय, एकटाच.' नकार असेल तर तो गटावर नको, बोलावणाऱ्याला वेगळा पाठवावा. गटावर एकाने 'नाही जमणार' लिहिलं की पाठोपाठ चार जण तेच लिहितात, आणि ज्याचा वाढदिवस आहे तो पोरगा ते वाचत बसतो.

'बघू', 'जमलं तर येतो', 'प्रयत्न करतो' ही तीन उत्तरं घरात बंद करून टाक. आपल्याला ती सभ्य वाटतात, कारण तोंडावर 'नाही' म्हणणं आपल्याकडे जड जातं. पण बोलावणाऱ्याने ते ताट धरायचं की सोडायचं? 'पाच मिनिटं येऊन जातो' हे त्याच जातीचं. पाच मिनिटांसाठी आलेल्यालाही जेवायला वाढावं लागतंच.

नकार कसा द्यायचा यावर जास्त वेळ घालव, कारण होकार कोणालाही देता येतो. आधी बोलावल्याचा आनंद, मग स्पष्ट 'येता येणार नाही', मग एका ओळीत खरं कारण आणि शेवटी शुभेच्छा. 'आजोबांच्या पंचाहत्तरीला बोलावलंत, फार छान वाटलं. पण त्या दिवशी माझी स्कॉलरशिपची परीक्षा आहे, म्हणून येता येणार नाही. आजोबांना माझा नमस्कार सांगा.' कारण एकच द्यावं. तीन कारणं दिली की तिन्ही खोटी वाटतात. खोटं कारण तर मुळीच नको. संध्याकाळी मॉलमधला फोटो स्टेटसवर चढतो आणि सगळं उघडं पडतं. खरं कारण सांगण्यासारखं नसेल तर 'त्या दिवशी घरी जरा अडचण आहे' एवढं पुरतं, शहाणा माणूस पुढे विचारत नाही. आपल्याकडे आग्रह होणारच: 'अरे, थोडा वेळ तरी ये!' तेव्हा पहिलंच वाक्य तितक्याच गोडीने पुन्हा म्हणायचं. नवं कारण जोडायचं नाही आणि दबून 'बरं, बघतो' असंही म्हणायचं नाही.

होकार दिल्यावर काही अडलं तर मेसेज नको, फोन करायला लाव. मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला गेला तर त्याचा उपयोग काय? आणि एका मित्राला 'येतो' म्हटल्यावर त्याच दिवशी दुसऱ्याच्या फार्महाउसवरचं बोलावणं आलं, तरी पहिलाच शब्द पाळायचा. यावर ईशान वाद घालेल. घालू दे, पण सूट देऊ नकोस.

संस्थेच्या आमंत्रणाला उत्तर लिहिताना मुलं अडखळतात. शाळेत पत्रलेखनात मायना शिकवतात तो मार्कांसाठी, म्हणून प्रत्यक्ष लिहायची वेळ आली की विसरतात. समज, वाचनालयाने वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला बोलावलं आहे. वर उजवीकडे स्वतःचा पत्ता व दिनांक, डावीकडे 'प्रति, मा. कार्यवाह', खाली वाचनालयाचं नाव, मग विषय, आणि पुढे:

'स. न. वि. वि.
आपले दि. ३ जानेवारीचे निमंत्रणपत्र मिळाले. बक्षीस वितरण समारंभास मला निमंत्रित केल्याबद्दल आभारी आहे. रविवार, दि. ११ जानेवारी रोजी सायंकाळी ५ वाजता मी आईसह उपस्थित राहीन.
कळावे,
आपला नम्र,'

आणि सही. इथे 'आईसह' हा शब्द सर्वात कामाचा, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यावर ठरतात. एकदा 'आपले' लिहिलं की शेवटपर्यंत 'आपण'च, मध्येच 'तुम्ही' आलं की पत्र विस्कटतं. हेच ईमेलने पाठवायचं असेल तर आलेल्या ईमेललाच उत्तर द्यावं, म्हणजे विषय तोच राहतो. 'सर्वांना उत्तर' हे बटण मात्र दाबायचं नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना लिहिताना 'ती. काकांस, शि. सा. नमस्कार' पुरेसा आहे, खाली 'आपला नम्र' नको, फार परकं वाटतं. 'तुमचा ईशान' लिहू दे.

लग्नपत्रिकेचं थोडं निराळं. मराठी पत्रिकेत उत्तर मागायची पद्धत नाही. पत्रिका नि अक्षत द्यायला घरी आलेल्या माणसाला तिथेच तोंडी उत्तर द्यायचं असतं. इंग्रजी पत्रिकांवर 'आर.एस.व्ही.पी.' असतं, मुळात ती फ्रेंचमधली 'कृपया उत्तर द्या' अशी विनंती, पण आपल्याकडे तिच्याखाली काका-मामांची नावं छापतात आणि उत्तर कोणी देत नाही. ईशानने पत्रिका पूर्ण वाचावी: साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागतसमारंभ, यांतलं आपल्याला कशाकशाचं बोलावणं आहे? पाकिटावर 'सहकुटुंब' आहे की फक्त बाबांचं नाव? 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असं लिहिलं असेल तर तेही पाळायचं. बाहेरगावचं लग्न असेल तर किती जण, कोणत्या दिवशी पोचणार, मुक्काम आहे का, आदल्या रात्री जेवायला आहोत का, हे आठवडाभर आधी फोनवर कळवावं. खोल्या आणि वऱ्हाडाची बस त्यावरच ठरते. पत्रिकेच्या तळाशी 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं एखाद्या चिमुरड्याच्या नावाने छापलेलं असतं, त्याला मुक्ताने उत्तर द्यावं. 'आम्ही चौघं येणार हं!' असं ती फोनवर म्हणाली तर त्या घराला आकडाही मिळेल.

एका बोलावण्याला मात्र हे काहीच लागू नाही. तेराव्याचं किंवा श्राद्धाचं कळवायला कोणाचा फोन आला, तर 'थँक्यू', 'नक्की येऊ', 'मजा येईल' यांतलं काहीही तोंडून जाता कामा नये. 'हो, आईबाबांना सांगतो' एवढंच, शांतपणे. मुलांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण त्यांचा सराव आनंदाच्या बोलावण्यांचाच असतो.

सरावासाठी पुढच्या आठवड्यात मी दोन पत्रं पोस्टाने पाठवते. मुक्ताला पोस्टकार्डावर साधं बोलावणं, दिवाळीच्या फराळाला. ईशानला आमच्या महिला मंडळाच्या नावाने, जावक क्रमांक घालून, अगदी औपचारिक. त्यात वेळ मुद्दाम लिहिणार नाही. तो विचारतो का ते बघायचं आहे. उत्तरं त्यांनीच लिहायची. तू शुद्धलेखन तपासू नकोस, पाकिटावर तिकीट लावलंय ना तेवढं बघ.

चि. सौ. मेघनास व मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई