वह्या आधी बघ, गुण नंतर

१६ नोव्हेंबर

प्रिय अस्मिता,

तुझं पत्र वाचलं आणि मनापासून आनंद झाला. जर्मनीला शिकायला येऊ पाहणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी तुमचं कॉलेज वर्षभराचा तयारीवर्ग सुरू करतंय आणि मुलांच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं काम तुझ्याकडे आलंय, यापेक्षा योग्य माणूस त्यांना मिळाला नसता. तू विचारलं आहेस की आम्ही इथे श्टुडिएनकोलेगमध्ये, म्हणजे परदेशी मुलांना इथल्या विद्यापीठासाठी तयार करणाऱ्या संस्थेत, मुलांकडे लक्ष कसं ठेवतो, आणि तुमच्याकडे दर आठवड्याला चाचणी, फळ्यावर क्रमांक, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुण, असा आराखडा ठरतोय तो बरोबर आहे का. तुझ्याशी आडपडदा कशाला? मला तो आराखडा पटलेला नाही. का नाही ते सविस्तर लिहिते.

आधी इथली चौकट थोडक्यात, म्हणजे पुढचं नीट कळेल. आपली बारावी इथल्या विद्यापीठात थेट प्रवेशाला सहसा पुरत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास झालेल्यांचा मार्ग वेगळा, पण बाकीच्या बहुतेकांना श्टुडिएनकोलेगचं एक वर्ष, म्हणजे दोन सत्रं, करावं लागतं. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचा टी-कोर्स, वैद्यकीय आणि जीवशास्त्राचा एम, अर्थशास्त्राचा डब्ल्यू, शिवाय जी आणि एस हे मानव्यशास्त्रं आणि भाषांचे. आत शिरायलाच जर्मनची प्रवेश परीक्षा असते, टी, एम आणि डब्ल्यूला गणिताचीही. वर्षाच्या शेवटी पात्रता परीक्षा, जिला इथे सगळे एफएसपी म्हणतात. त्या परीक्षेचा निकाल आणि बारावीचे गुण मिळून जी सरासरी निघते तिच्यावर विद्यापीठातली जागा ठरते. इथे १ हा सर्वोत्तम शेरा आणि ४ म्हणजे काठावर पास. नापास झालं तर परीक्षा एकदाच परत देता येते. त्यात व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) भरून आलेली ही मुलं. काहींच्या घरी त्यासाठी जमीन विकलेली असते, काहींच्या आईचे दागिने बँकेत असतात. त्यांच्या एका सत्राची किंमत काय आहे ते लक्षात ठेवूनच मी हे सगळं लिहितेय.

गुण उशिरा कळतात, माझं पहिलं म्हणणं हेच आहे. सत्र सप्टेंबरात सुरू होतं, पहिली मोठी लेखी चाचणी होईपर्यंत पाच-सहा आठवडे गेलेले असतात, आणि पेपर तपासून हातात येईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. तोवर बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं. म्हणून मी पहिल्या आठवड्यापासून वह्या बघते. वही खोटं बोलत नाही.

एक उदाहरण सांगते. सांगलीकडचा एक मुलगा, गणितात अत्यंत हुशार. मी फळ्यावर फलन दिलं, क्ष घन उणे तीन क्ष वर्ग, आणि त्याचे महत्तम-लघुत्तम बिंदू काढायला सांगितले. वर्गातली बाकीची मुलं पेन उघडत होती तोवर त्याच्या वहीत उत्तर होतं, (०, ०) आणि (२, -४). अगदी बरोबर. पण वहीत तेवढंच होतं. पहिलं अवकलज शून्याला आणलेलं नाही, दुसरं अवकलज ० पाशी -६ येतं म्हणून तिथे महत्तम, २ पाशी +६ येतं म्हणून तिथे लघुत्तम, हे कुठेच लिहिलेलं नाही. इथल्या परीक्षेत अशा उत्तराला निम्मेसुद्धा गुण मिळत नाहीत. पायऱ्यांना आणि कारणाला गुण असतात, उत्तर हा त्यातला एक छोटा भाग.

हा त्या मुलाचा दोष नाही, अस्मिता. तू स्वतः सीईटीच्या मुलांना शिकवतेस. ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत, आणि चार पर्यायांतला एक संगणकावर निवडायचा. दोन वर्षं ज्याने हेच केलं तो पायरी लिहायला कशाला थांबेल? इथे साधारण तीन तासांत मोजकेच मोठे प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली पाच-सहा पोटप्रश्न. तुमच्या दर आठवड्याच्या बहुपर्यायी चाचणीत हा मुलगा पहिला येईल, त्याचं नाव फळ्यावर सर्वांत वर जाईल, आणि तो इथे येऊन पहिल्याच पेपरला गडबडेल. चाचणी ज्या गोष्टीची घेशील तीच तुला दिसणार. म्हणून तुमची चाचणी आधी बदल. आठवड्याला एकच प्रश्न दे, पण पानभर लिहायला लागेल असा, आणि तपासताना उत्तराकडे सगळ्यात शेवटी बघ.

वहीत आणखीही बारीकसारीक बरंच दिसतं. इथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात आणि हजारांच्या गटाला टिंब, म्हणजे आपल्या अगदी उलट. भागाकाराला दोन टिंबं. बिंदूचे सहनिर्देशक लिहिताना मधे उभी रेघ. ७ ला आडवी रेघ मारली नाही तर तो १ वाटतो. कितीही फुटकळ वाटलं तरी पहिल्या महिन्यात याच गोष्टींवर गुण जातात आणि मुलाला वाटतं की आपल्याला गणितच येत नाही. हे सगळं पुण्यातच सवयीचं करून घेता येईल, त्याला एक पैसा लागत नाही.

भौतिकशास्त्राच्या जर्नलबद्दल मात्र मला जरा जास्तच बोलायचं आहे. आपल्याकडे जर्नल कसं पुरं होतं ते तुला आणि मला दोघींना माहीत आहे. मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी समोर ठेवायचं, निरीक्षणं उतरवायची, आलेख सुरेख सरळ रेषेत बसवायचा, सही घ्यायची. इथे प्रयोगाचा अहवाल म्हणजे तुझा लंबक, तुझं घड्याळ, तुझे आकडे. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना ९.८१ आलं नाही तरी चालतं. ९.५ आलं तर ९.५ लिही आणि चूक कुठून आली असेल ते सांग: घड्याळ दाबायला उशीर झाला, दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली नाही, झोका फार मोठा दिला. आमच्याकडे एका मुलीने तंतोतंत ९.८१ आणून दाखवलं. मी तिला कच्चे आकडे मागितले तर ती कावरीबावरी झाली. ओरडले नाही मी, कारण तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की खरा आकडा चालतो. आम्ही दोघी पुन्हा प्रयोगशाळेत गेलो, तिने दहा झोके मोजले, पुन्हा मोजले, आणि तिचा स्वतःचा आकडा आला. त्यानंतर तिचे अहवाल वर्गात सगळ्यांत चांगले असायचे. तुमच्या वर्गात निदान दोन प्रयोग असे करून घे. खोटा आकडा दिसला तर शिक्षा करू नकोस, परत मोजायला लाव.

दुसरी गोष्ट, गप्प बसणारी मुलं. "समजलं का?" या प्रश्नाला आपली मुलं "हो" म्हणतात. सर किंवा मॅडम विचारतात तेव्हा "नाही" म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, आणि चारचौघांत हसू होईल ही भीती वेगळीच. मी तो प्रश्न विचारायचंच सोडून दिलंय. मी म्हणते, "यातली कुठली पायरी तुला एकट्याला जमली नसती?" मग बोट ठेवून दाखवतात. याच प्रश्नावर आमचा शुक्रवारचा कागद उभा आहे. प्रत्येक मुलाकडे स्वतःचा एक कागद असतो, तो ज्याचा त्यानेच भरायचा: या आठवड्यात एकट्याने काय जमलं नाही, मदत कोणाकडे मागितली, कुठला गृहपाठ राहिला. दर पंधरा दिवसांनी तो कागद आणि वही घेऊन मुलगा माझ्यासमोर दहा मिनिटं बसतो. मी त्यावर शेरा मारत नाही. पुढच्या पंधरवड्यात एकच गोष्ट कुठली धरायची ते दोघांनी ठरवायचं आणि त्याने ते स्वतःच्या हाताने लिहायचं. कागद त्याच्याकडेच राहतो. अशी पंचवीसेक मुलं एका शिक्षकाला झेपतात. तुमच्या वर्गात साठ घेणार असतील तर आत्ताच भांड आणि आणखी दोघं मागून घे, कारण साठ वह्या कोणी बघत नसतं, सह्या होतात नुसत्या.

गृहपाठ सलग दोनदा आला नाही, मुलगा पहिल्या बाकावरून मागे सरकला, सकाळच्या तासाला उशीर व्हायला लागला, ही माझ्यासाठी धोक्याची घंटा. विशेषतः आत्ता, नोव्हेंबरात. दुपारी साडेचारला इथे अंधार पडायला लागतो, जेवणाचे हाल असतात, घरची आठवण येते. अभ्यासाचं कारण शोधायला जावं तर कितीदा झोपेचं कारण सापडतं. आपल्या घड्याळात आणि इथल्या घड्याळात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर. तिकडे मित्र पहाटे उठून अभ्यासाला बसलेले असतात तेव्हा हा त्यांच्याशी गप्पा मारत जागा, आणि सकाळी आठच्या जर्मनच्या तासाला डोळे मिटतायत.

भाषेचं तर विचारूच नकोस. जर्मनच्या बी-२ पातळीचं प्रमाणपत्र हातात घेऊन येतात, काहींनी मॅक्सम्युलर भवनात तर काहींनी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये खूप चांगली तयारी केलेली असते, तरी भौतिकशास्त्राच्या तासाला पहिले काही आठवडे कानावरून वारं जातं. त्यात आपली मुलं मधल्या सुट्टीत एकत्र उभी राहून मराठी-हिंदीत बोलणार. ते मी तोडत नाही. परक्या देशात आपलं माणूस लागतंच. फक्त प्रयोगाच्या जोड्या मी लावते. नाशिकचा मुलगा मोरोक्कोच्या मुलीबरोबर, पुण्याची मुलगी व्हिएतनामच्या मुलाबरोबर. दोघांमध्ये जर्मन सोडून दुसरी भाषाच नसते, मग तोडकंमोडकं का होईना बोलावंच लागतं. मोरोक्को आणि कॅमेरूनची मुलं लिहून कारण मांडण्यात बरीच तयार असतात, आपली मुलं आकडेमोडीत पटाईत. दोघांचंही भलं होतं. तुमच्याकडे परदेशी मुलं नसतील, पण निदान एक तास असा ठेव की गणिताचं एक उदाहरण मुलाने फळ्यापाशी उभं राहून जर्मनमध्ये समजावून सांगायचं.

आता पालकांचा ग्रुप. इथे मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या परवानगीशिवाय आम्ही त्याचे गुण आईवडिलांनासुद्धा सांगू शकत नाही. कोल्हापूरहून एका वडिलांचा फोन आला होता. आवाजात काळजी, थोडा संताप. "मॅडम, पैसे आम्ही भरतोय, मग आम्हाला का नाही सांगत?" मला त्यांचं दुःख कळत होतं. तरीही मला हा नियम योग्य वाटतो. गुण थेट घरी गेले की मूल चुका लपवायला शिकतं, आणि लपवलेल्या चुकीला मदत करताच येत नाही. मी त्या मुलाशी बोलले. त्याने रविवारी आपला कागद समोर घेऊन स्वतः घरी फोन केला, काय जमत नाहीये आणि त्यासाठी काय करतोय ते सांगितलं. वडिलांचा पुन्हा फोन आला तो आभाराचा होता. तुम्हीही असंच करा. पालकांना महिन्यातून एकदा मुलानेच सांगायचं, तू हवं तर शेजारी बस. फळ्यावरचा क्रमांक मात्र पुसूनच टाका. पहिल्या पाचांना त्याची गरज नसते आणि शेवटचे दहा त्याने आणखी मागे सरकतात.

एक अवघड गोष्ट राहिली, आणि ती तुलाच करावी लागेल. काही मुलांसाठी हा रस्ता नसतो. कुणाला जर्मन भाषेचा मनापासून कंटाळा असतो, कुणाला अभियांत्रिकी नकोच असतं, कुणी फक्त चुलतभाऊ गेला म्हणून आलेलं असतं. हे वेळेत सांगणं हासुद्धा आधारच आहे. इथे येऊन दोन सत्रं घालवल्यावर कळण्यापेक्षा पुण्यात तिसऱ्या महिन्यात कळलेलं केव्हाही चांगलं. पण सांगताना पुढची वाट हातात देऊन सांग. भारतातच पदवीला प्रवेश घेऊन नंतर पदव्युत्तर शिक्षणाला येता येतं. हाताने काम करायची आवड असेल तर इथलं आउसबिल्डुंग, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण आहे, त्यात शिकताना पगार मिळतो. नुसतं "तुला जमणार नाही" हे वाक्य मात्र कोणालाही म्हणू नकोस.

आणि कागदपत्रांचा विषय वेगळा काढ. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो. मुलं त्या धावपळीत अभ्यासाचे दोन-तीन आठवडे सहज घालवतात. ते काम कार्यालयातल्या कोणाकडे तरी सोपव. तुझी दहा मिनिटं वहीसाठीच राहू देत.

मी टी-कोर्सचे पहिल्या सहा आठवड्यांचे गणिताचे प्रश्न आणि शुक्रवारच्या कागदाचा कोरा नमुना पुढच्या आठवड्यात पाठवते. नमुना आहे तसा वापरू नकोस, तुझ्या मुलांना दाखव आणि त्यांना कुठला रकाना नकोसा वाटतो ते विचार. तुमचं वेळापत्रक नक्की व्हायच्या आधी मला दाखव, विशेषतः प्रयोगशाळेचे तास किती दिलेत ते मला बघायचंय. आणि प्राचार्यांशी शिक्षकसंख्येवर बोलणं झालं की लगेच कळव. गरज पडली तर मीही त्यांच्याशी फोनवर बोलेन.

काकूंना नमस्कार सांग. चिनूला गोड पापा.

तुझी,
मेधा