‘गळणार नाही’ म्हणून विकलेला फीडर आणि पाच फोन

प्रति,
मालक आणि ग्राहक सेवा प्रमुख
(दोघांनीही वाचावं. एकाने दुसऱ्याकडे ढकलू नये.)

विषय: हमिंगबर्डचा काचेचा फीडर, 32 औंस, लाल बूड, सहा पिवळी फुलं. गळतो.

ऑर्डर नंबर तुमच्या माणसांनी माझ्याकडून पाच वेळा लिहून घेतलाय. सहाव्यांदा देत नाही. शोधा.

काल रात्री साडेनऊला, म्हणजे तुमच्या पुण्यातल्या कॉल सेंटरच्या सकाळी आठला, पाचवा फोन झाला. 47 मिनिटं चालला. त्यातली निम्म्याहून जास्त मी बासरी ऐकली. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण मंडळाच्या गणपतीत तुमच्या स्टॉलवर मालक स्वतः उभे होते आणि ‘आपल्या माणसाकडून घ्या, काही झालं तर मराठीत भांडता येईल’ असं हसत म्हणाले होते. ते ध्यानात ठेवलंय.

फीडर 34 डॉलर 99 सेंटचा. खोक्यावर तीन ठिकाणी ‘गळणार नाही’ असं छापलंय. माझा पहिल्या दुपारपासून गळतो. सकाळी सातला काठोकाठ भरून टांगायचा, दुपारी तीनला बघावं तर निम्मा रिकामा आणि खाली डेकवर चिकट डबकं. पक्षी प्यायले असते तर मी आनंदाने दिवसाला दोनदा भरला असता. प्यायल्या त्या मुंग्या. टेक्सासच्या लाल मुंग्या काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही इथेच राहता. दुसऱ्या दिवशी त्यांची रांग कुंपणावरून, खांबावरून, हुकवरून थेट त्या पिवळ्या फुलांत. मुंग्या अडवायची पाण्याची वाटी हुकला असते, ती तुमच्या खोक्यात नाही. वेगळी घ्यायची, 9 डॉलर.

आता हा का गळतो, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. उलटी बाटली आहे. आतल्या हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी वर टिकून राहतं. बाटली उन्हात तापली की वरची हवा फुगते आणि पाण्याला खाली ढकलते. जितकी बाटली रिकामी तितकी हवा जास्त, तितकी गळती जास्त. आठवीचं विज्ञान आहे. म्हणून अशा बाटल्या सावलीत टांगायच्या असतात. आणि तुमच्या कार्डावर काय लिहिलंय? ‘भरपूर उन्हात टांगा, म्हणजे लाल रंग लांबून दिसेल.’ ह्यूस्टनजवळ सप्टेंबरात 96 डिग्री फॅरनहाइट असतं हो. हे कार्ड लिहिणाऱ्याने आयुष्यात फीडर टांगला नसावा, फक्त विकला असावा.

तरी मी पहिल्या फोननंतर सावलीत हलवला. क्रेप मर्टलच्या झाडाखाली. तिथेही गळला, कारण बुडाचं रबर आट्यांत नीट बसत नाही. फोटो पाठवले. व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत थेंब मोजता येतात. ‘फाइल उघडत नाही’ असं उत्तर आलं, नऊ दिवसांनी.

आणि नऊ दिवस म्हणजे काय, ते कळावं म्हणून जरा सांगते. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड आमच्या भागातून दक्षिणेला जातात त्याचा खरा जोर सप्टेंबरच्या दोन-तीन आठवड्यांचा. मोठे नर ऑगस्टपासूनच सटकू लागतात. मागून माद्या आणि त्याच वर्षी अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं. ती पिल्लं एकेकटी जातात, आईबाप वाट दाखवायला नसतात. वजन साधारण 3 ग्रॅम. निघायच्या आधी खाऊन खाऊन ते जवळजवळ दुप्पट करतात, कारण काही किनाऱ्याकिनाऱ्याने मेक्सिकोत उतरतात आणि काही सरळ मेक्सिकोच्या आखातावरून जातात. तिथे 800 किलोमीटर समुद्र, मध्ये टेकायला काही नाही. किडे-कोळी ते स्वतः पकडतात, साखरपाणी आपण द्यायचं. तर या तीन आठवड्यांसाठी मी फीडर घेतला होता. तुमचे ‘सात ते दहा वर्किंग डेज’ त्यांना कळत नाहीत.

माझी आई सांगलीहून आली आहे. गुडघ्यांमुळे फार फिरत नाही. सकाळचा चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते आणि माझ्या लेकीच्या जुन्या वहीत रेघा मारते, चार उभ्या आणि पाचवी आडवी. 11 सप्टेंबरला सकाळी तासाभरात 38 फेऱ्या. एकच पक्षी अनेकदा येतो हे तिला ठाऊक आहे, ती फेऱ्याच मोजते. त्यातला एक तिने ओळखून ठेवला होता. पहिल्या वर्षाचा नर, गळा पांढुरका आणि बरोबर मधोमध एकच लाल पीस, कुंकवाचं बोट लावल्यासारखं. नाव ठेवलं टिळेवाले. हे टिळेवाले फीडर स्वतःच्या बापाचा असल्यासारखे वरच्या वाळक्या काटकीवर बसायचे आणि दुसरा कुणी आला की चिरचिर करत अंगावर धावून जायचे. आई म्हणायची, अगदी आपल्या सोसायटीचे चेअरमन.

13 तारखेला दुपारी टिळेवाले प्यायला टेकले आणि तुमच्या फुलातून धार सुटली. थेंब नाही, धार. छातीवर आणि एका पंखावर पडली. सेकंदाला पन्नासेक वेळा हलणारा तो पंख, आणि त्याला साखरेचा पाक. तो काटकीवर जाऊन बसला आणि चोचीने एकेक पीस ओढत राहिला. वीस मिनिटं. मध्ये दोनदा उडायला गेला आणि परत बसला. आईचा चहा तसाच निवला. शेवटी मी पाइपला बारीक फवारा लावून शेजारच्या टर्क्स कॅपच्या पानांवर पाणी सोडलं. थोड्या वेळाने तो त्या ओल्या पानांत शिरून अंग घासू लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी आला. पण प्रत्येकाच्या परसात पाइप घेऊन कोण उभं राहणार? तुम्ही?

त्या संध्याकाळी फीडर उतरवला आणि तिसरा फोन केला. ‘कंप्लेंट वर पाठवलीय’ एवढंच मिळालं. चौथ्यातही तेच. आता कालचा पाचवा.

आधी एक मुलगा होता. आवाज चांगला, अदबीचा. सुरुवातीलाच म्हणाला, ‘‘काकू, आमच्या कोथरूडच्या बाल्कनीत पण येतात हमिंगबर्ड.’’ मी म्हटलं, बाळा, तो शिंजीर, म्हणजे सनबर्ड. हमिंगबर्ड उत्तर आणि दक्षिण अमेरिका सोडून जगात कुठे नाहीत. तो म्हणाला, ‘‘सेमच असतं ना पण.’’ ज्या कंपनीचा अर्धा धंदा हमिंगबर्डच्या नावावर चालतो, तिच्या माणसाला तो पक्षी कोणत्या खंडात राहतो हे माहीत नाही. ठीक. पोरगं आहे, सोडून दिलं.

मग त्याने विचारलं, ‘‘आत कोणतं लिक्विड घातलं होतं?’’ मी म्हटलं, एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. तो थांबला. टाइप केल्याचा आवाज आला. मग वाचून दाखवल्यासारखा म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही आमची नेक्टर पावडर वापरलेली नाही. बाहेरचं लिक्विड वापरलं तर वॉरंटी लागू होत नाही.’’

बाहेरचं लिक्विड. साखर आणि पाणी.

मी विचारलं, साखरपाण्याने काच गळते का? ‘‘सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय, मॅडम.’’ मी म्हटलं, तुमची ती फुकट दिलेली पावडर लालभडक आहे आणि रंगाची पक्ष्यांना काहीही गरज नाही, फीडरचं बूड लाल आहे तेवढं पुरतं. मी पाकीट कचऱ्यात टाकलं. यावर तो जरा माणसात आला आणि हळू आवाजात, मला मदत करावी म्हणूनच बिचारा म्हणाला, ‘‘काकू, एक करून बघा. थोडा गूळ घाला, नाहीतर मध. घट्ट होईल. मग नाही गळणार.’’

अहो, माझं माहेर सांगलीचं, उसाच्या पट्ट्यातलं, आणि राहते शुगरलँडला, ज्या गावाचं नावच साखरेवरून पडलंय. साखरेचं मला शिकवायचं नाही. गुळातलं लोह आपल्याला चांगलं, या पक्ष्यांना नाही. मधाच्या पाण्याला लवकर बुरशी धरते आणि ती पक्ष्याला मारू शकते. साखरपाणीसुद्धा या उकाड्यात दोन दिवसांच्या वर ठेवत नाहीत, बाटली गरम पाण्याने घासून मग पुन्हा भरतात. हे फीडर विकणाऱ्या कंपनीला एका गिऱ्हाइकाने रात्री दहा वाजता सांगायचं?

मी म्हटलं, वरच्यांना द्या. बासरी. पुन्हा बासरी. मग सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी माझं काही ऐकून घ्यायच्या आधीच सांगितलं, ‘‘तुमचा रिप्लेसमेंट 20 ऑक्टोबरपर्यंत पोहोचेल.’’ मी म्हटलं, तोवर पक्षी गेलेले असतील. त्यावर त्या काय म्हणाल्या ते शब्दशः लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं तुम्हीच प्रत्येक वेळी ऐकवता: ‘‘मग बरंच आहे ना मॅडम. नाहीतरी या दिवसांत फीडर काढूनच ठेवायचे असतात, नाहीतर ते पक्षी खाण्याच्या लोभाने परत जातच नाहीत. एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी एवढं काय मनाला लावून घेताय?’’

चिमणी 25-30 ग्रॅमची असते. हा 3 ग्रॅमचा. तेवढीही माहिती नाही. आणि खाण्याच्या लोभाने कुणी थांबत नाही हो. दिवस लहान होऊ लागले की त्यांना आतूनच निघायची ओढ लागते, समोर अमृत ठेवलं तरी जातात. उलट फीडर उशिरापर्यंत ठेवायचा असतो. शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोन आठवडे, मागे राहिलेल्या एखाद्यासाठी. आपल्याच टेक्सासच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्टला, दर सप्टेंबरात हमिंगबर्डांचा उत्सव भरतो, लोक आपापली परसदारं अनोळखी माणसांना उघडी करतात. मागे आम्ही गेलो होतो तेव्हा एकेका अंगणात डझनावारी फीडर टांगलेले होते आणि एकाखालीही डबकं नव्हतं. एकदा जाऊन या. सुपरवायझर बाईंनाही न्या.

मला राग 35 डॉलरचा नाही. म्हणजे तोही आहे. पण फीडर गळतो, हे मी पाच वेळा सांगितलं आणि ‘वर पाठवलीय’ सोडलं तर प्रत्येक उत्तर मी काय चुकले याचंच आलं. उन्हात टांगला (तुम्हीच सांगितलं होतं). घट्ट फिरवला नाही. जास्त घट्ट फिरवला. बाहेरचं लिक्विड. आता म्हणे पक्ष्यांनीच निघून जावं. फीडर गळतो, एवढं एक वाक्य तुमच्या सिस्टिममध्ये कुठे टाइप करता येत नाही का?

14 तारखेला मी हार्डवेअरच्या दुकानातून 12 डॉलरचा बशीसारखा फीडर आणला. त्यात पाणी खाली असतं, भोकं वर. गळायला जागाच नाही. पिवळं काही नाही, त्यामुळे गांधीलमाश्याही कमी. त्यावर टिळेवाले 22 तारखेपर्यंत येत होते. पोट असं गोल झालं होतं की आई म्हणाली, आता याला गर्भार म्हणतील. 23 ला काटकी रिकामी. त्यानंतर वहीत दिवसाला पाच-सात रेघा, परवा दोन.

आता मला काय हवंय ते. पूर्ण पैसे परत, कार्डावर, स्टोअर क्रेडिट नको. रिप्लेसमेंट पाठवू नका, दुसरा गळका मी कुठे ठेवू? तुमच्या त्या कार्डावरची ‘भरपूर उन्हात’ ही ओळ खोडा आणि लाल पावडर देणं बंद करा. खोक्यावरचं ‘गळणार नाही’ तीन ठिकाणांहून काढा. आठ दिवसांत झालं नाही तर क्रेडिट कार्ड कंपनीकडे रक्कम अडवायला सांगेन आणि टेक्सासच्या अॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार करेन, फॉर्म भरून ठेवलाय. व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा नव्हता, कारण दिवाळीत तुमचा स्टॉल पुन्हा लागणार आहे आणि मालकांची आई माझ्या आईशेजारी भजनाला बसते. पण आईच म्हणते, टाक.

एक ग्राहक, शुगरलँड
2 ऑक्टोबर

ता. क. हे पाठवणार तेवढ्यात तुमचा ईमेल आला. ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’ झालेल्या गैरसोयीबद्दल भेट म्हणून लाल पावडरीची दोन पाकिटं रवाना केली आहेत म्हणे. तीन दिवसांत पोहोचणार. पावडर बरी तीन दिवसांत येते.