मंत्रीसाहेब, मला साक्षर ठरवून मोकळे झालात

मा. शिक्षणमंत्री साहेब, नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र मी मोबाईलमध्ये बोलून टाईप केलंय आणि भाचीने चुका काढल्यात. तेव्हा एवढं लिहिता येतं मग तक्रार कसली, असं तुमच्या पीएने म्हणू नये.

सोमवारी तुमच्या खात्याचं उत्तर आलं. प्रौढांच्या पुढच्या वाचनवर्गासाठी मी अर्ज केला होता, तो नामंजूर. कारण काय, तर "उपरोक्त अर्जदार अभिलेखानुसार साक्षर असल्याने सदर वर्गाकरिता अपात्र ठरत आहेत." चार वेळा वाचलं. अभिलेख म्हणजे काय ते भाचीला विचारलं, ती कॉलेजला आहे, तिलाही सांगता येईना. म्हणजे मी साक्षर आहे हे कळवणारं पत्रच मला वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच स्टेजवरून म्हणाला होतात की कामावर लागतं तेवढं वाचता येईपर्यंत आम्ही कुणाला सोडणार नाही. मी पहिल्या रांगेत होते, फोटोसाठी तुमच्याच माणसांनी बसवलं होतं.

मी १६ वर्षं सफाईचं काम करते. मागे सुपरवायझरची जागा निघाली, लेखी परीक्षा, २० प्रश्न आणि ४० मिनिटं. माझे ७ झाले. राहिलेले १३ नंतर एका पोरीने वाचून दाखवले तर त्यातले १२ मला येत होते. जागा ज्याला मिळाली त्याला काम मीच शिकवलंय, आता तो माझी हजेरी घेतो.

वाचता येतं हो मला, पण मी अक्षराला अक्षर जोडत जाते, जोडाक्षर आलं की गाडी अडते, आणि वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यात आपल्या भाषेत नकार कुठे बसतो? अगदी शेवटी! "हे द्रावण आम्लयुक्त क्लीनरमध्ये मिसळू नये." माझा दम 'मिसळू'पाशीच संपतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू होतो, हे मला लेबलने नाही शिकवलं, छातीने शिकवलं. आठवडाभर खोकत होते, पगार कापला तो वेगळाच.

आणि तुमच्या पहिल्या वाचनवर्गानंतर जी साक्षरतेची परीक्षा झाली, तिच्यात काय होतं? सुटे शब्द मोठ्याने वाचा, नाव-पत्ता लिहा, दोन ओळींचा उतारा आणि त्याच ओळीतलं उत्तर. घड्याळ कुणी लावलंच नाही. माझ्या शेजारी बसणारे दादा बातम्या दिल्यासारखं घडाघडा वाचायचे, पण काय वाचलं विचारलं की गप्प. माझं उलटं, दुसऱ्याने वाचलं तर सगळं कळतं, स्वतः वाचायला बसले की वेग नाही. दोघंही पास, दोघांनाही एकच पुस्तक, कमळातला क. अहो ४३ वर्षांच्या बाईला कमळ कशाला, ड्युटीचा तक्ता द्या, बाटलीवरचं लेबल द्या, पगाराची स्लिप द्या! कुणाचं अक्षरात अडतंय, कुणाचं वेगात, कुणाला शब्दच माहीत नाहीत, कुणाला अर्थ लागत नाही, हे वेगवेगळं तपासायला नको? शिंपीसुद्धा आधी माप घेतो.

भाचीने नेटवर शोधून दिलं. रोजच्या जगण्यातलं छोटं सोपं विधान समजून वाचता-लिहिता आलं की साक्षर, असं युनेस्कोने १९५८ मध्ये ठरवलं होतं. १९७८ मध्ये त्यांनीच पुढे जाऊन सांगितलं की माणसाला त्याच्या समाजात नीट वावरायला लागतं तेवढं यायला हवं. तुमचं खातं अजून १९५८ मध्येच बसलंय. ओईसीडी म्हणून देशांची एक संघटना आहे, ते लोक १६ ते ६५ वयाच्या लोकांची वाचनाचीही चाचणी घेतात, पीआयएएसी म्हणतात तिला, तिच्यात पास-नापास नाही, पायऱ्या आहेत. त्यात एक भाग असा की वाक्य देतात आणि याला अर्थ आहे की नाही एवढंच विचारतात. २०२२-२३ च्या फेरीत ३१ देश होते, बरेचसे पैसेवाले, तरी वाचनात सरासरी २६ टक्के लोक पहिल्या पायरीवर किंवा तिच्याही खाली. हे ऐकून मला रडूच आलं, इतकी वर्षं वाटायचं आपण एकटेच ढ.

तुमचा वर्ग होता १२ आठवडे, आठवड्याला २ तास, म्हणजे २४ तास. पोरांना वाचायला शिकायला वर्षं देता, आम्हाला २४ तास, त्यातले ३ उद्घाटनात आणि सर्टिफिकेट वाटपात गेले, आणि वेळ अशी की शिफ्ट सोडून यावं लागायचं, शिकवणाऱ्या बाईंना तर मोठ्या माणसांना कसं शिकवायचं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्या बिचाऱ्या आम्हाला "बाळांनो" म्हणायच्या. मुळात आम्ही वाचावं असं तुम्हाला वाटतं का? फॉर्म, नोटीस, करार, सगळं अशा भाषेत की शिकलेला माणूसही शेवटी सही कुठे करू एवढंच विचारतो. न वाचता सही करणारा सगळ्यांनाच परवडतो, मालकाला पण आणि सरकारला पण.

मागणी काय म्हणाल, तर माझी चाचणी परत घ्या, नीट घ्या, घड्याळ लावून आणि अर्थ विचारून. वर्ग शिफ्टनंतर ठेवा. आणि उत्तर पाठवणार असाल तर एवढं करा, नाहीच म्हणायचं असेल तर ते 'नाही' वाक्याच्या सुरुवातीलाच लिहा.

आपली,
रेकॉर्डवरची एक साक्षर