तयारीला मर्यादा हवी

'नव्या प्राध्यापकाने पहिली दोन वर्षे संशोधन बाजूला ठेवून अध्यापनावरच लक्ष द्यावे' हा आपल्या अंकातील लेखाचा सल्ला पटला नाही. नवा प्राध्यापक अडतो तो बहुधा तयारी कमी पडल्याने नव्हे, तर ती अमर्याद केल्याने. एका तासाच्या व्याख्यानासाठी सहा-सात तास टिपणे काढली की मजकूर फुगतो आणि तो संपवण्यासाठी वेग वाढतो. मग प्रश्नांना जागा उरत नाही. विद्यार्थी गप्प बसले की शिक्षक पुढच्या वेळी आणखी तयारी करतो.

नवनियुक्त प्राध्यापकांच्या सवयींचा दीर्घ अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांना असे आढळले, की सलग मोठ्या सुट्टीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा रोज थोडा वेळ लिहिणाऱ्यांच्या हातून जास्त लेखन होते. म्हणून एका व्याख्यानामागे तयारीचे दोन तास ठरवावेत, तीनच मुख्य मुद्दे घ्यावेत, शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत. तास संपताच काय अडले याच्या चार ओळी लिहिल्या, तर पुढच्या वर्षीची निम्मी तयारी तिथेच होते. उत्तरपत्रिका तपासण्याआधी गुणांचे निकष लिहून काढावेत. त्याने वेळही वाचतो आणि तक्रारीही घटतात. सकाळचा अर्धा तास मात्र लेखनाचाच असावा, परीक्षांच्या काळातही. दोन वर्षे थांबलेले संशोधन पुन्हा सुरू करणे फार जड जाते, कारण तोवर संदर्भ जुने होतात आणि सहकारी पुढे गेलेले असतात. विभागप्रमुखांनीही पहिल्या वर्षी नव्या व्यक्तीकडे एकाहून अधिक समित्या देऊ नयेत.

– एक प्राध्यापक