रविवारच्या बैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता जुळे सोलापुरातील नेहमीच्या तालीम-खोलीत बैठक होईल. तीत प्रत्येकाने स्वतःची एक इलेक्ट्रॉनिक संगीतरचना ऐकवून ती कशी घडली, हे १० मिनिटांत सांगावे. प्रसिद्धिपत्रकात असतो तसा ठोकळेबाज परिचय नको. मागच्या खेपेस एका सभासदाने यंत्रमागाच्या खटखटाटाचे मोबाइलवरील मूळ ध्वनिमुद्रण आधी ऐकवले आणि मगच त्यावर बांधलेला ठेका, तसे काही आणावे. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्को ठेक्यावर राग वाजवताना टीआर-८०८ (तालयंत्र) व टीबी-३०३ (बास सिंथेसायझर) ही यंत्रे वापरली, त्यावर सुरुवातीस थोडे बोलू.

रचना शनिवारपर्यंत संयोजकांकडे पाठवावी. दुसऱ्याचा ध्वनितुकडा वापरला असल्यास परवानगी घेतल्याचे नमूद करावे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद राहील. त्यास अपवाद नाही.

– संयोजक